थ्री-नॉट-थ्री घरी आणली आहे, आता ग्रीस कसं काढू?

ह्यूस्टनचा_बाळ्या:

मंडळी, गेल्या शनिवारी शेवटी घेतलीच. ली-एनफिल्ड, नंबर १ मार्क ३ स्टार. म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री. दस्ता जिथे रायफलला मिळतो तिथल्या लोखंडी कड्यावर मुकुट, खाली जीआरआय (राजा जॉर्जची आद्याक्षरं), त्याखाली इशापूर आणि १९४२. ‘इशापूर’ वाचलं आणि दुकानातच पाय अडकले. बंगालमध्ये हुगळीकाठी बनलेली वस्तू ऐंशी वर्षांनी टेक्सासच्या एका दुकानात, मागच्या भिंतीला, एका रशियन रायफलच्या शेजारी उभी!

माझा जन्म खडकीचा. बाबा दारूगोळा कारखान्यात होते, भोंग्यावर आमचं घड्याळ लागायचं. गणपतीच्या बंदोबस्ताला येणाऱ्या पोलिसांच्या खांद्यावर हीच असायची, आणि आम्ही पोरं ‘काका, गोळी आहे का आत?’ विचारत मागे फिरायचो. कोणीही कधी उत्तर दिलं नाही.

तर ६०० डॉलर दिले. बंदूक खरेदीचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरला, दुकानदाराने फोनवर तपासणी केली, पंधरा मिनिटांत हातात. (ग्रीन कार्ड दोन वर्षांपूर्वी आलं, त्याआधी हे सुचलंही नव्हतं.) आता अडचण अशी की सगळीकडे तपकिरी, चिकट, मधासारखं ग्रीस आहे. लाकूड काळं पडलंय. नळीतून पाहिलं तर अंधार. तीन प्रश्न: ग्रीस कशाने काढायचं? लाकूड घासून पॉलिश करायचं का? आणि ही चालवायची, की भिंतीवर टांगायची?

खिक्_सम्राट:

आधी वहिनी काय म्हणाल्या ते सांगा, मग ग्रीसचं बघू.

ह्यूस्टनचा_बाळ्या:

मला मिक्सर आणायला पाठवलं होतं. यापुढचं लिहीत नाही.

ओहायोची_थंडी:

बाळ्या, स्वागत आहे या वेडेपणात. त्या ग्रीसला इकडे कॉस्मोलीन म्हणतात. वर्षानुवर्षं गोदामात पडणाऱ्या लोखंडाला गंजू न देणं एवढंच त्याचं काम, आणि ते इमानेइतबारे करतं. काढणाऱ्याचा जीव जातो हा भाग वेगळा.

मी २००९ साली मोसिन-नागां ही रशियन रायफल घेतली होती. तेव्हा शंभर डॉलरच्या आत मिळायची, अक्षरशः पिंपात उभ्या केलेल्या असायच्या. उत्साहाच्या भरात बोल्ट (मागेपुढे सरकवून गोळी चढवायचा दांडा) आणि सुटे भाग बेकिंग ट्रेमध्ये ठेवून ओव्हनमध्ये घातले. ग्रीस वितळलं, हे खरं. पण त्यानंतर दोन महिने आमच्या घरात केक, नानकटाई, भाजलेली वांगी, सगळ्याला रशियन छावणीचा वास होता. सासूबाई आल्या होत्या तेव्हा. विषय संपला.

खरा उपाय साधा. धातूचे भाग मिनरल स्पिरिटमध्ये किंवा रॉकेलमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घास. गॅरेजचं दार उघडं ठेव, हातमोजे घाल, जवळपास वॉटर हीटरची ज्योत नको. लाकडासाठी तुझ्याकडे टेक्सासचं ऊन आहे, आम्हाला ते नशिबात नाही. लाकूड जुन्या टॉवेलात गुंडाळ, काळ्या कचऱ्याच्या पिशवीत घाल आणि भर दुपारी गाडीत डॅशबोर्डवर ठेव. घाम फुटल्यासारखं ग्रीस बाहेर येतं. पूस, परत ठेव. चार-पाच दुपारी लागतील.

पितळी_तांब्या:

लाकडाला पॉलिशपेपर मारून दोन हात वॉर्निश दिलं तर काय बहार येईल! आणि दस्त्याला मागे पितळी पट्टी असते ना? चिंच-मीठ लावा. आरसा होईल.

निवृत्त_आर्मरर:

पितळी_तांब्या, रागावू नका, पण तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या पोटात गोळा आला.

मी फौजेच्या दुरुस्ती विभागात, ईएमईमध्ये, आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो. माझ्या काळात पलटणीत एसएलआर ही नवी रायफल आली होती, तरी थ्री-नॉट-थ्री हजारोंनी हाताखालून गेली. एनसीसीच्या, पोलिसांच्या, होमगार्डच्या. म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पॉलिशपेपर अजिबात नको. त्या लाकडावर बारीक ठसे असतात, तपासनिसाचे, दुरुस्तीचे, कधी पलटणीचे. ते गेले की रायफल मुकी झाली. लाकडाला फक्त कच्चं जवसाचं तेल. हाताच्या तळव्याने चोळायचं, तळवा गरम होईपर्यंत. एक रात्र मुरू द्यायचं, उरलेलं पुसायचं. आठवडाभर हेच. ब्रिटिशांच्या वेळेपासून हीच रीत आहे, वॉर्निश कधीच नव्हतं. पितळी पट्टी काळी असेल तर काळीच राहू द्या. फौजी सामान चमकलं की लांबून दिसतं, आणि लांबून दिसलं की पुढचं सांगायला नको.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रायफल खोलताना आधी पुढचं लाकूड काढायचं, मगच मागचा दस्ता. दस्त्याच्या आतून जोडणीचा एक लांब बोल्ट जातो (गोळी चढवायचा तो नव्हे), त्याचं पुढचं चौकोनी टोक पुढच्या लाकडाच्या मागच्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड जागेवर असताना लांब स्क्रूड्रायव्हर घालून तो बोल्ट फिरवलात तर लाकूड मागून उभं चिरतं. मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी हे सांगायचो, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी चिरलेलं लाकूड घेऊन उभा असायचा. पुढचं लाकूड काढताना नळीखालचा छोटा स्क्रू, स्प्रिंग आणि वॉशर हरवू नका. स्प्रिंग उडते आणि गॅरेजमध्ये ती सापडत नाही.

गोळी चढवायच्या बोल्टच्या दांड्यामागचा नंबर आणि रायफलच्या अंगावरचा नंबर एकच आहे का बघा. एकच असेल तर नशीबवान आहात. नसेल तर गनस्मिथकडून हेडस्पेस (बंद बोल्ट आणि गोळी यांच्यातलं अंतर) मोजून घेतल्याशिवाय एकही गोळी मारू नका. नंबर जुळत असला तरी मोजाच. गेज स्वस्त असतं, डोळे नाहीत.

जवसाची_चटणी:

शेवटी कोणीतरी माझं नाव घेतलं!

पण एक धोक्याची सूचना. अमेरिकेत दुकानात ‘उकळलेलं’ जवसाचं तेल मिळतं, त्यात लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार मिसळलेले असतात. ते जेवणात चुकूनही नको. आणि तेल पुसलेली चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ती स्वतःच तापते आणि पेट घेऊ शकते. खरंच. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून टाका. गॅरेजात मिनरल स्पिरिटही आहे म्हणताय, मग तर दुप्पट काळजी.

पितळी_तांब्या:

आर्मररसाहेब, चिंच मागे घेतो.

माजी_कॅडेट_सांगली:

थ्री-नॉट-थ्री म्हटलं की उजवा खांदा दुखायला लागतो. कॅम्पमध्ये पाच गोळ्या मिळाल्या होत्या. पहिलीनंतर गालावर दस्ता, दुसरीनंतर खांदा निळा, उरलेल्या तीन कुठे गेल्या ते टार्गेटच्या मागच्या टेकडीला विचारा. त्यापेक्षा साफसफाईच जास्त लक्षात आहे. फुलथ्रू, म्हणजे दोरी आणि टोकाला पितळी वजन. त्यात चार बाय दोन इंचांची चिंदी अडकवायची आणि एकाच दमात ओढायची. मध्ये थांबलात तर उस्ताद पाठीत ठेवून द्यायचे.

बाळ्या, दस्त्याच्या मागच्या पट्टीत एक छोटं झाकण आहे, ते उघडलंस का? आत फुलथ्रू आणि तेलाची डबी ठेवायची जागा असते. बहुतेक वेळा रिकामी असते, पण बघ.

आणखी एक. ड्रिलसाठीच्या डीपी रायफली वेगळ्या. त्यांच्या नळीला मुद्दाम भोक पाडलेलं असतं आणि लाकडावर पांढरे-लाल पट्टे रंगवलेले असतात. तसली काही निघाली तर चालवण्याचा विचारही करू नकोस. कोणीतरी रंग खरवडून विकलेली असू शकते.

मुग्धा_के:

मला रसभंग करायचा नाही, पण विचारते. घरात मुलं आहेत ना? माझ्या ओळखीतल्या एका घरात ‘अँटिक आहे, भिंतीवरच असते’ म्हणून ठेवलेल्या बंदुकीत गोळी निघाली होती. काही झालं नाही, नशीब. ऐंशी वर्षं जुनी असली तरी ती तिच्या कामासाठीच बनली आहे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नात ‘भिंतीवर टांगायची’ असं इतकं सहज आलंय की बाकीच्या दोन प्रश्नांपेक्षा मला तोच प्रश्न मोठा वाटला.

गोट्या_७२:

मुग्धाताई, प्रत्येक धाग्यावर प्रवचन हवंच का? स्वयंपाकघरात सुरीही असतेच की.

मुग्धा_के:

सुरीने मी भाजी चिरते. तुम्ही रायफलने काय चिरता?

खिक्_सम्राट:

*पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे*

निवृत्त_आर्मरर:

गोट्याभाऊ, ताईंचं बरोबर आहे. फौजेतही रायफल कोतात, म्हणजे हत्यारांच्या कोठीत, कुलुपात असते, बराकीच्या भिंतीवर नाही. बोल्ट रायफलचा एक फायदा आहे, बोल्ट काढून वेगळ्या जागी ठेवला की उरते ती काठी. बाळ्या, रायफल एका कुलुपात, बोल्ट दुसऱ्या, गोळ्या तिसऱ्या. आणि प्रत्येक वेळी हातात घेतली की आधी चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) बघायचं, बोटाने चाचपायचं. कालच पाहिलं होतं असं म्हणायचं नाही.

ह्यूस्टनचा_बाळ्या:

मुग्धाताई, प्रश्न योग्य आहे, राग नाही. भिंत रद्द. तिजोरी मागवली. दोन मुली आहेत, नऊ आणि पाच. मोठीने विचारलं, ‘बाबा, हा खरा आहे का?’ मी हो म्हणालो आणि त्याच रात्री तिजोरीची ऑर्डर टाकली.

डीपी नाही, बघितलं. नळीला भोक नाही. बोल्टचा नंबर जुळतोय!!

सनीवेल_सिंगल:

मी एच-१बीवर आहे. घेता येईल का? मित्र म्हणतो त्याच्या नावावर घेऊन माझ्याकडे ठेव.

ओहायोची_थंडी:

नको!! दोन्ही गोष्टी नकोत. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक जवळ बाळगणंच संघीय कायद्याने सहसा गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच. आणि दुसऱ्याने आपल्या नावावर घेऊन द्यायची, हा तर स्वतंत्र गुन्हा. त्या ४४७३ फॉर्मवर पहिल्या प्रश्नांतच विचारतात की खरा खरेदीदार तूच का. एका रायफलीपायी ग्रीन कार्डची रांग सोडू नकोस.

राज्याचे नियम वेगळेच. न्यू जर्सीत रायफल घ्यायलाही आधी पोलिसांकडून ओळखपत्र काढावं लागतं.

बाळ्या, तुला पुढे अजून घ्यायच्या असतील (घेशील, मला माहीत आहे) तर संग्राहकाचं ‘क्युरिओ अँड रेलिक’ लायसन्स बघ. तीन वर्षांना ३० डॉलर. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या रायफली थेट घरी येतात.

धायरीचा_वकील:

पुण्यातून हा धागा वाचून कोणाचे हात शिवशिवत असतील तर थंड पाण्यात घाला. थ्री-नॉट-थ्री आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तुम्हा-आम्हाला ती मिळत नाही. म्हणून तर .३१५ निघाली. ली-एनफिल्डच्याच धाटणीची, पण फौजी काडतूस तिच्यात चालू नये म्हणून बोअर वेगळं. त्यातही २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका. बाळ्या, परत येताना ही सामानात घालून आणण्याचा विचार असेल तर माझी फी आत्ताच भरून ठेव.

अवांतर: १९४२ ची इशापूर रायफल अमेरिकेत कायदेशीर आणि इशापूरपासून दोन हजार किलोमीटरच्या आत बेकायदेशीर, ही गंमत फक्त वकिलालाच दिसते बहुतेक.

नळीवाला_नागपूरकर:

नळीचं कोणीच बोललं नाही. सर्प्लसचे, म्हणजे लष्कराने विकून टाकलेले, जुने दारूगोळे बहुतेक गंज आणणारे असतात. कॅपमध्ये (गोळीच्या बुडातली, ठोक्याने पेटणारी टोपी) पोटॅशियम क्लोरेट असतं, ते जळून नळीत क्षार उरतो, मिठासारखा. हवेतलं पाणी ओढतो आणि दोन दिवसांत नळी लाल. तर काच पुसायचं निळं पाणी फवारा, त्यातला अमोनिया तो क्षार मारतो. मी वर्षानुवर्षं करतो आहे.

निवृत्त_आर्मरर:

नागपूरकर, तुमचं काम होतं ते त्या बाटलीतल्या पाण्यामुळे. क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. अमोनियाचा त्यात काही हात नाही. गोऱ्या सोल्जरच्या वेळेपासून एकच इलाज: नळीत फनेलने उकळतं पाणी. क्षार वाहून जातो, नळी तापते, उरलेलं पाणी आपोआप सुकतं. मग कोरडी चिंदी, मग तेलाची चिंदी. पाणी चेंबरच्या बाजूने ओता, नाहीतर बोल्टच्या जागेत आणि लाकडाखाली शिरेल आणि तिथे गंज बसेल.

नळीवाला_नागपूरकर:

म्हणजे मी वीस वर्षं काचेच्या पाण्याला पैसे घातले.

खिक्_सम्राट:

नळी स्वच्छ, खिडक्या घाण.

कुडाळचो_झिल:

हळवा प्रश्न विचारतो. १९४२ ची. हिने कोणाला मारलं असेल का?

पोलीसपुत्र_ठाणे:

कोण सांगणार. तेव्हाच्या रायफली आफ्रिकेत, इटलीत गेल्या. मराठा लाइट इन्फंट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव, दोघांना इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, एक १९४४, दुसरा १९४५. घाडगे गेले, जाधव परत आले. आणि हीच बोल्ट रायफल १९६२ मध्ये आपल्या जवानांच्या हातात होती, थंडीत, बर्फात, एकेक गोळी चढवत.

माझे वडील पोलिसात होते. २६/११ ला सीएसटीवर आपल्या पोलिसांकडे थ्री-नॉट-थ्री होत्या आणि समोर एके-४७. बातम्या बघताना बाबा एवढंच म्हणाले, ‘एक मारली की परत बोल्ट.’ मला बाळ्याची हौस समजते. पण आमच्या घरात ही रायफल म्हणजे आठवणीतली वस्तू नाही, फार उशिरा बदललेली वस्तू आहे.

ह्यूस्टनचा_बाळ्या:

पोलीसपुत्र, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. पटलं.

आत्याबाई_जळगाव:

दसरा जवळ आलाय. खंडेनवमीला पूजा करणार ना रे? हळदकुंकू, झेंडू, आपट्याचं पान.

निवृत्त_आर्मरर:

आत्याबाई, पूजा जरूर. फौजेतही होते. पण हळदकुंकू ओलं करून उघड्या लोखंडाला लावू नका, आणि लाकडाला तर नकोच, डाग जात नाही. खाली कापड अंथरून त्यावर वाहा. संध्याकाळी तेलाची चिंदी.

आत्याबाई_जळगाव:

आमच्याकडे पूजेला शिवणयंत्र असतं. त्यालाही तेलच.

ह्यूस्टनचा_बाळ्या:

(तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार. हा घ्या वृत्तांत.

ग्रीस निघालं. पाच दुपारी डॅशबोर्डवर गेल्या. गाडीला अजून वास आहे, त्यामुळे मुलींच्या शाळेची ने-आण हिच्या गाडीतून. पुढचं लाकूड आधी काढलं, आर्मररसाहेबांच्या आज्ञेनुसार. स्प्रिंग उडाली. सापडली. कुठे ते विचारू नका, फक्त मिक्सर नवीन असल्यामुळे त्याचं भांडं धुवावं लागलं.

लाकडाचा काळेपणा म्हणजे निम्मं ग्रीस, निम्मा हातांचा मळ. खाली लालसर रंग निघाला. पुढच्या लाकडात आडवा एक स्क्रू ठोकलेला आहे. गनस्मिथ म्हणाला, हिंदुस्थानातून आलेल्या रायफलींत हा हमखास दिसतो, लाकूड चिरू नये म्हणून घातलेला. ठसे जसेच्या तसे ठेवलेत. एक पुसट आकडा दस्त्यावर आहे, तो कशाचा ते कळलं नाही. नळी आतून आरशासारखी नाही, पण आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) शाबूत आहेत. हेडस्पेस मोजून घेतलं, पास.

झाकणामागची जागा रिकामी नव्हती! तेलाची पितळी डबी निघाली, आतलं तेल वाळून डांबर झालेलं. फुलथ्रू नाही.

दुकानदाराने रायफलीबरोबर पाच जुन्या गोळ्यांची एक क्लिप दिली होती, ती मी नीट पाहिलीच नव्हती. बुडावर के आणि एफ. किर्की फॅक्टरी, म्हणजे आमची खडकीच! बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, जवळ धर. मग म्हणाले, कॅपभोवती जांभळं लाख आहे का बघ. होतं. पुसट, पण होतं. ‘साधी गोळी आहे. वर्ष माझ्या आधीचं आहे. ही मारू नकोस, इतकी जुनी झाल्यावर कॅपचा भरवसा नसतो. उशिरा उडाली आणि तू बोल्ट उघडलास तर संपलं.’ तर ती क्लिप तिजोरीत, स्वतंत्र डब्यात.

रेंजवर नव्या सर्बियन गोळ्या नेल्या. पाच मारल्या. सांगलीकर, खांदा निळा आहे, मान्य. शंभर यार्डांवर कागदाला तीन लागल्या, दोन टेक्सासला.

घरी आल्यावर बाबांचा परत फोन. ‘पाणी घातलंस का?’ मी म्हणालो, बाबा, या गोळ्या नव्या आहेत, त्यांच्या कॅपमध्ये तो क्षार नसतो, गरज नाही. ते म्हणाले, ‘मी विचारलं, पाणी घातलंस का?’ मग काय, रात्री साडेदहाला चहाची किटली, फनेल आणि मी, गॅरेजमध्ये. फोन वर्कबेंचवर उभा करून ठेवला होता. वाफ नळीच्या तोंडातून बाहेर येईपर्यंत त्यांनी कॉल कट केला नाही.

माजी_कॅडेट_सांगली:

फुलथ्रू नाही म्हणतोस ना? माझ्याकडे एक आहे. पाठवू? (उस्तादांना सांगू नका.)

धायरीचा_वकील:

सांगलीकर, हे तुम्ही जाहीर लिहिलंत.

माजी_कॅडेट_सांगली:

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)